एक पाण्यात, एक काठावर

घरात एकाला समुद्राचा तळ पाहायचा असतो, दुसऱ्याला पायसुद्धा भिजवायचा नसतो. मग सुटीला दोघांनी मिळून जायचे तरी कुठे? ठाणे-कल्याणकरांनी फार लांब जायला नको. ठाण्याला कोकण रेल्वेची गाडी धरावी, कुडाळला उतरावे. तिथून मालवण तीसेक किलोमीटर.

मालवणसमोरच्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ साली सिंधुदुर्ग बांधायला घेतला. किल्ल्याजवळच्या खडकांत पोवळी आहेत, रंगीत मासे आहेत; बुडी मारणाराने ते पाहावे. बाकीच्यांनी होडीने किल्ल्यात जावे, शिवराजेश्वराचे दर्शन घ्यावे, खाऱ्या समुद्राच्या वेढ्यातल्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या विहिरी पाहाव्यात. म्हणजे कुणी कुणाची वाट पाहत ताटकळायला नको.

मात्र पावसाळ्यात होड्या बंद असतात, हिवाळ्यात जावे. सर्दी असेल तर बुडी टाळावी, कान दुखावतात. दमेकऱ्याने आधी डॉक्टरांना विचारावे. आणखी एक. पाण्याच्या दाबाने हवेतला नायट्रोजन रक्तात विरघळतो. लगेच आंबोलीचा घाट चढलात, तर वरच्या विरळ हवेत त्याचे बुडबुडे होऊन अपाय होऊ शकतो. म्हणून बुडी आज मारलीत, तर घाट उद्या चढावा!