शिबिराचे सात दिवस आणि त्यानंतर

1959 साली चिंतामणराव देशमुखांच्या अध्यक्षतेखालील समितीने एक धाडसी सूचना केली. शाळा संपवून कॉलेजात जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने आधी नऊ महिने ते वर्षभर राष्ट्रसेवा करावी, आणि तीही सक्तीने. खर्च आणि व्यवस्थेच्या अडचणींमुळे ती मान्य झाली नाही. पुढे शिक्षणतज्ज्ञ के. जी. सैयदैन यांनी इतर देशांतले प्रयोग अभ्यासून सेवा ऐच्छिक ठेवावी असे सुचवले, कोठारी आयोगाने शिक्षणाच्या सर्व टप्प्यांवर समाजसेवेची जोड मागितली, आणि 24 सप्टेंबर 1969 रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, 37 विद्यापीठांतल्या 40 हजार विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. आज ही संख्या 40 लाखांच्या आसपास आहे.

महाराष्ट्रात जमीन आधीच नांगरलेली होती. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या 'कमवा आणि शिका'ने हातात कुदळ घेतलेला विद्यार्थी ही ओळखीची गोष्ट केली होती. बाबा आमट्यांनी 1967 पासून चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला श्रमसंस्कार छावणी भरवायला सुरुवात केली. ऐन मे महिन्यात, विदर्भाच्या उन्हात, शहरातली मुले तिथे घाम गाळायला येत. त्या छावणीतून आयुष्याची वाट बदललेली माणसे राज्यभर भेटतात. सरकारी योजनेला तेवढी धग कधी आली नाही, पण तिची पोच फार मोठी होती. तालुक्याच्या कॉलेजात शिकणाऱ्या आणि सोमनाथचे नावही न ऐकलेल्या मुलापर्यंत ती गेली.

योजनेचा हिशेब सोपा आहे: वर्षाला 120 तास, दोन वर्षांत 240, आणि एक निवासी शिबिर. आधी ते दहा दिवसांचे असे, नंतर सात दिवसांचे झाले. कॉलेजाने दत्तक घेतलेल्या गावातली शाळा किंवा समाजमंदिर हा मुक्काम. पहाटे प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी बौद्धिक, नंतर घरोघरी सर्वेक्षण, रात्री गटचर्चा आणि पथनाट्य. काळ बदलला तसे विषय बदलले. 1972 च्या दुष्काळानंतर दुष्काळ निवारणाची कामे आली, मग वृक्षारोपण, 1986 पासून साक्षरता. 1991 नंतर एड्सविषयी बोलायला विद्यार्थी उभे राहिले. ज्या विषयावर घरात अवाक्षर निघत नसे, त्यावर भर चौकात बोलायला विशीतल्या पोरापोरींना केवढे धैर्य लागले असेल! 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीची जमीन हादरली, तेव्हाही विद्यार्थ्यांच्या तुकड्या ढिगाऱ्यांपर्यंत आणि मदत केंद्रांपर्यंत पोहोचल्या.

यातून नेतृत्व घडले का? माझ्या मते घडले, पण भाषणातून नाही. ते भोजन समितीत घडले. पन्नास जणांचा सात दिवसांचा शिधा, इंधन, पाणी, भांडी घासण्याच्या पाळ्या, आणि हे सगळे ठरलेल्या पैशांत. चौथ्या दिवशी डाळ संपली तर गावात कोणाकडे जायचे हे ज्या मुलीने ठरवले, ती पुढे ग्रामसभेत किंवा बँकेत बसली तरी घाबरत नाही. अनेक मुलींना तर घराबाहेर आठवडाभर राहण्याची परवानगी पहिल्यांदा या शिबिरासाठीच मिळाली. हा भाग मला फार मोठा वाटतो, आणि कोणत्याही अहवालात तो नीट सापडत नाही.

शिबिरातल्या या अनुभवाचे मोल आणखी एका कारणाने वाढले. 1994 च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्यानंतर कॉलेजांतल्या थेट निवडणुका थांबल्या आणि विद्यार्थी परिषदेवर मुले गुणांवर व नेमणुकीने जाऊ लागली. निवडणुकांतली हिंसा थांबली हे बरे झाले, पण चारचौघांना पटवून सोबत नेण्याचा सरावही गेला. 2016 च्या कायद्याने निवडणुकीची तरतूद परत आणली. मधल्या काळात ती उणीव काही अंशी शिबिरांनी भरून काढली.

योजनेची कमतरताही सांगितली पाहिजे. काम झाले, पण कामावरचा विचार राहून गेला. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून नाल्यावर वनराई बंधारा घातला, फोटो निघाले, समारोप झाला, बस सुटली. पाणी अडले का, किती दिवस टिकले, ते कोणाच्या शेताला मिळाले आणि कोणाच्या नाही, हे पाहायला कोणी परत गेले नाही. सर्वेक्षणाचे कागद कपाटात गेले. कार्यक्रम अधिकारी हा मुळात पूर्ण वेळ शिकवणारा प्राध्यापक असतो. त्याच्यावर सगळा भार टाकून ही अपेक्षा करणे अन्यायाचेच होते.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी 2006 मध्ये सुरू केलेल्या 'निर्माण' या युवक उपक्रमाने कामावरच्या विचाराची नेमकी हीच जागा धरली. तिथे शिबिरात प्रश्न विचारले जातात, मग युवक कामाला जातो, आणि पुन्हा शिबिरात येऊन त्या कामाची उलटतपासणी करतो. काम करता करता शिकण्याच्या, गांधीजींच्या नई तालीमचा हा वारसा आहे. संख्या लहान, पण त्यातून कित्येक तरुण डॉक्टर ग्रामीण आरोग्य केंद्रांत काम करायला गेले.

आता नव्या शैक्षणिक धोरणामुळे समाजसहभाग आणि राष्ट्रीय सेवा योजना यांना श्रेयांक मिळू लागले आहेत. पूर्वी दहा वाढीव गुण होते, आता दोन श्रेयांक. सेवेला अभ्यासक्रमात जागा मिळाली याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र श्रेयांकासाठी फोटो आणि अहवाल पुरेसा मानला, तर पन्नास वर्षांची जुनी चूक छापील नियमाने पक्की होईल. मूल्यमापनात दुसऱ्या भेटीला गुण ठेवता येतील. सहा महिन्यांनी त्याच गावात जायचे, ग्रामसभेत बसायचे, आणि आपण केलेल्या कामाचे काय झाले ते गावकऱ्यांसमोर मांडायचे.

कॉलेजांनी हे करावेच. आणि वाचकहो, पुढच्या हिवाळ्यात तुमच्या गावात शिबिर उतरले, तर समारोपाच्या दिवशी त्या मुलांना परत येण्याची तारीख विचारा आणि ती ग्रामपंचायतीच्या वहीत लिहून घ्या.