चित्रण सभ्य, पण समतेचे काय?

निवृत्त वडील, घरात पैशांची चणचण आणि सावळी मुलगी. मुलगा असता तर बरे झाले असते, हे वडिलांचे बोलणे तिच्या कानी पडते. मग ती गोरेपणाचे क्रीम वापरते, उजळते, हवाई सुंदरीची नोकरी मिळवते आणि घराचे दिवस पालटतात.

'फेअर अँड लव्हली'ची ही जाहिरात या शतकाच्या आरंभी घरोघरी पाहिली गेली. तिच्यात ना तोकडे कपडे होते, ना अश्लील हावभाव. तरीही अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने तिच्याविरुद्ध आवाज उठवला आणि २००३ मध्ये केंद्र सरकारने दखल घेतल्यावर ती पडद्यावरून गेली. माध्यमांतील स्त्रीचित्रणाचा प्रश्न केवळ अश्लीलतेचा नाही, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

आपला मुख्य कायदा मात्र अश्लीलतेभोवतीच फिरतो. स्त्रियांच्या असभ्य चित्रणाला प्रतिबंध करणारा कायदा १९८६ साली झाला. त्याच्या व्याख्येत 'स्त्रीला कमी लेखणारे' चित्रणही येते. पण ते चित्रण तिच्या आकृतीचे, शरीराचे वा अवयवांचे असावे लागते. 'मुलगा असता तर' हे वाक्य कितीही जिव्हारी लागले, तरी ते या व्याख्येत बसवणे कठीण. शिवाय १९८६चा हा कायदा जाहिराती व छापील मजकूर समोर ठेवून लिहिलेला. नव्या माध्यमांना त्याच्या कक्षेत आणणारे विधेयक २०१२ मध्ये राज्यसभेत मांडले गेले. ते २०२१ मध्ये मागे घेण्यात आले.

अश्लीलतेच्या मागे लागण्याची किंमतही मोठी असते. मधू सप्रे आणि मिलिंद सोमण यांच्या १९९५ मधील बुटांच्या जाहिरातीवरून मुंबईत खटला उभा राहिला. आरोपींची निर्दोष मुक्तता व्हायला २००९ साल उजाडले.

समतेची भाषा आढळते ती केबल टेलिव्हिजनच्या १९९४ च्या नियमांत. स्त्रीला निष्क्रिय वा आज्ञाधारक दाखवणारी, कुटुंबात व समाजात तिला दुय्यम स्थान देणारी जाहिरात चालणार नाही, असे त्यांतील जाहिरात संहिता स्पष्ट सांगते आणि संविधानाने दिलेल्या हमीचा आधार घेते. गंमत अशी, की याच नियमांतील कार्यक्रम संहिता स्त्रीच्या नेतृत्वाबरोबरच तिच्या सोज्वळतेचा आणि चारित्र्याचाही आग्रह धरते. म्हणजे एका हाताने दिलेली मोकळीक दुसऱ्या हाताने मर्यादेत बांधायची!

उरलेली जबाबदारी जाहिरात उद्योगाने १९८५ साली स्थापन केलेल्या, मुंबईस्थित 'ॲस्की' या स्वयंनियामक संस्थेकडे येते. सावळ्या वर्णाची व्यक्ती नोकरीत वा लग्नाच्या बाजारात मागे पडते, असे दाखवू नये, हा दंडक तिने २०१४ मध्ये घातला. २०२२ मध्ये लिंगभेदी साचेबद्ध चित्रणाविषयी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे आली. स्त्री घरकाम करताना दाखवायला त्यांत मनाई नाही. घरकाम हे फक्त तिचेच, असे सुचवण्यास आहे. तोवर त्या क्रीमच्या नावातील 'फेअर' हा शब्दही २०२० मध्ये गळून पडला होता.

हा प्रवास आशादायक असला, तरी पुरेसा नाही. देहाच्या चित्रणाला कायद्याचा धाक आणि दुय्यमत्वाच्या चित्रणाला बव्हंशी उद्योगाचा सद्विवेक, अशी ही विभागणी आहे. यापुढे नियम करताना 'हे सभ्य आहे काय' याआधी 'यात स्त्रीला माणूस म्हणून समान स्थान आहे काय' हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. आणि तो केवळ नियमकर्त्यांनी विचारावा असेही नाही. 'ॲस्की'कडे कोणताही ग्राहक विनाशुल्क तक्रार नोंदवू शकतो. २००३ मध्येही बदलाची सुरुवात एका तक्रारीनेच झाली होती.