यंत्र निर्दोष, विक्रेताही निर्दोष. मग गुन्हेगार कोण?

यंत्राला वर्ण नसतो, धर्म नसतो, असे सांगून कंपन्या हात झटकतात. पण ते यंत्र कोणाच्या हाती दिले, हे त्यांना विचारायचेच नाही काय?

वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेत सोळा वर्षांवरील प्रत्येक काळ्या माणसाला सतत पास बाळगावा लागे. पास नसला की तुरुंग! या पासविरोधी आंदोलनावर २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे पोलिसांनी गोळ्या झाडल्या. ६९ जण ठार झाले.

पासवरील फोटोंसाठी अमेरिकेच्या पोलरॉइड कंपनीचे झटपट फोटो काढणारे साहित्य वापरले जात होते. १९७० मध्ये हे त्याच कंपनीतील कॅरोलिन हंटर आणि केन विल्यम्स या कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांना समजले. त्यांनी पत्रके वाटली, सहकाऱ्यांना संघटित केले, मालावर बहिष्काराची हाक दिली. हंटर यांची नोकरी गेली. १९७१ मध्ये कंपनीने त्या सरकारला माल न विकण्याचे जाहीर केले. वितरक मात्र चोरून विकतच राहिला. १९७७ मध्ये हे उघड झाले आणि पोलरॉइडने दक्षिण आफ्रिकेतील व्यवसाय गुंडाळला.

कायदा मागाहून आला. १९७७ मध्येच संयुक्त राष्ट्रांनी त्या देशावर सक्तीची शस्त्रबंदी लादली. १९७८ मध्ये अमेरिकेने तेथील पोलीस व लष्कराला होणारी निर्यात रोखली. १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार झुगारून अमेरिकन काँग्रेसने व्यापक निर्बंधांचा कायदा केला. पोलीस, लष्कर, तुरुंग आणि वर्णभेद राबविणाऱ्या यंत्रणांना संगणक विकण्यास त्यात बंदी होती. हे कलम महत्त्वाचे आहे. सरसकट निर्बंधांची झळ गरिबाच्या चुलीला बसते. नेमका निर्बंध जुलमी हातातले हत्यार काढून घेतो.

आज पासची जागा कॅमेऱ्याने आणि मोबाइलने घेतली आहे. शिनजियांगमधील उइगर मुस्लिमांच्या दडपशाहीत सामील असल्याचा ठपका ठेवून अमेरिकेने २०१९ मध्ये हिकव्हिजनसह अनेक चिनी कंपन्यांवर व्यापारबंधने घातली. २०२१ मध्ये पेगॅसस बनविणारी इस्रायलची एनएसओ त्याच यादीत गेली.

याचे स्वागतच केले पाहिजे. पण एवढ्यावर विसंबून चालणार नाही. सत्ता बहुधा दुसऱ्याच्या कंपनीकडे बोट दाखवते. हंटर आणि विल्यम्स यांनी, ज्या कंपनीचा पगार घेतला, त्याच कंपनीला जाब विचारला. निर्बंधांचे खरे बळ तेथे आहे!