कच्च्या वाटा, पक्के गैरसमज

ग्रॅव्हल सायकल घेतल्यावर पहिला बेत बहुधा सातारा-कास-बामणोलीचा ठरतो आणि तिथून नजर कोयनेच्या जंगलाकडे वळते. बेत चांगलाच आहे. मात्र तो ज्या ऐकीव गोष्टींवर आखला जातो, त्यातल्या काही धोकादायक आहेत.

सर्वांत घातक समज म्हणजे नकाशावर गाव दिसलं की तिथं पाणी आणि माणूस भेटणारच. कोयनेच्या खोऱ्यात हे गृहीत धरू नये. धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली गावं गेली, पुढे अभयारण्यातल्या अनेक गावांचं पुनर्वसन झालं. नावं नकाशांवर राहिली, घरांची जोती उरली. जुने रस्तेही तसेच. एखादी ठळक रेघ प्रत्यक्षात पाण्याच्या काठाशी संपते किंवा कारवीत हरवते. म्हणून आखलेली वाट आधी उपग्रहचित्रावर ताडून पाहावी आणि अलीकडच्या वस्तीतल्या गुराख्याला किंवा एसटीच्या वाहकाला विचारावं. लाँचने पलीकडे जायचं असेल तर सायकल चढवू देतात का आणि शेवटची फेरी कधी, हे निघण्याआधीच फोनवर ठरवून घ्यावं.

‘जंगलातली वाट सगळ्यांचीच, सायकलला कोण अडवतंय?’ अडवतात, आणि ते योग्यच आहे. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 नुसार अशा क्षेत्रात परवानगीशिवाय शिरता येत नाही. प्रकल्पाभोवतीच्या बफर पट्ट्यातले गावरस्ते बहुतेक खुले असतात, तरी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारल्याशिवाय मार्ग पक्का करू नये. गव्यांचा कळप पाणवठ्याकडे निघतो त्या संध्याकाळच्या वेळी तर तिथं आपण नसावंच.

‘डांबरावर मी शंभर किलोमीटर मारतो, इथं साठ सहज होतील.’ इथं किलोमीटरपेक्षा चढाईचे मीटर आणि तास मोजायचे असतात. जांभ्याच्या खडबडीत वाटेवर, तीव्र चढावर चांगल्या सायकलस्वाराचा सरासरी वेगही ताशी दहाच्या आसपास येतो. त्यात ढकलणं, पंक्चर, पाणी भरणं आलंच. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि दरीत उजेड त्याही आधी जातो. माझ्या मते दुपारी दोनपर्यंत निम्म्याहून बरंच जास्त अंतर कापलेलं नसेल, तर जवळच्या डांबरी रस्त्याला लागावं. तो रस्ता कुठे भेटतो, हे दर दहा-बारा किलोमीटरला आधीच टिपून ठेवलेलं हवं.

टायरबद्दलही एक हट्टी समज आहे, की हवा जितकी टाइट तितकी सायकल पळते. गुळगुळीत डांबरावर ते काही अंशी खरं. खडीवर मात्र कडक टायर प्रत्येक दगडावर उसळतो. ताकद पुढे जाण्याऐवजी अंग हादरवण्यात जाते आणि पकडही सुटते. सत्तर किलोच्या आसपास वजन आणि ४०-४५ मिलिमीटरचा ट्यूबलेस टायर असेल तर तीस ते पस्तीस पीएसआयपासून सुरुवात करून पाहावी. करवंदीच्या काट्यांनी पडलेली भोकं सीलंट बुजवतं, पण दगडाने फाटलेली कड बुजत नाही. त्यासाठी एक ट्यूब, टायर बूट आणि आपल्याच सायकलचा जादा डिरेलर हँगर जवळ हवा. हँगर प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो. पाटणच्या दुकानात तो मिळेल या भरवशावर जाऊ नये.

नेटवर्क गेलं की जीपीएस बंद पडतो, हेही खरं नाही. उपग्रहाचा संकेत फोनला नेटवर्कशिवाय मिळतो. फक्त नकाशा आधी उतरवून ठेवलेला असावा लागतो. दाट झाडीत आणि दरीत ठिकाण थोडंफार चुकू शकतं. नेटवर्कशिवाय होत नाही ती गोष्ट म्हणजे मदत मागणं. त्यामुळे मार्ग, परतीची वेळ आणि ‘अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर 112 ला कळव’ ही सूचना घरच्या एका माणसाकडे लेखी द्यावी.

दक्षिणेकडे दोडामार्ग-तिलारी किंवा गोव्यातल्या सत्तरीत जाणाऱ्यांनी गोचिडांकडेही लक्ष द्यावं. तिथं गोचिडांमुळे पसरणारा माकडताप आढळलेला आहे आणि त्याचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका सायकलिंगचाच. पाय झाकणारे कपडे घालावेत, पाचोळ्यात बसू नये, मुक्कामी पोचल्यावर गुडघ्यामागे आणि कमरेपाशी गोचीड पाहावी. पुढच्या आठ-दहा दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना आपण कुठल्या जंगलात गेलो होतो ते आवर्जून सांगावं.