टीव्ही किती इंची घ्यावा? आधी अंतर मोजा, मग इंच ठरवा



आज एक अगदी व्यवहारातला विषय घेऊ. घरी किंवा शाळेत टीव्ही घ्यायचा ठरला की पहिला प्रश्न असतो, "बजेट किती?" दुसरा, "कोणत्या कंपनीचा?" आणि तिसरा, "किती इंची?" पण जो प्रश्न सगळ्यात आधी यायला हवा तो कुणीच विचारत नाही: बघणारा किती लांब बसणार आहे?

हा प्रश्न मीही विचारला नव्हता. त्याची गोष्ट आधी सांगतो.

दारात नंदी की दारात नदी?

आमच्या वर्गासाठी गावाने लोकवर्गणी काढून ४३ इंची टीव्ही घेतला. नारळ फोडला, मुलांनी टाळ्या वाजवल्या. टीव्ही सुरक्षित राहावा म्हणून भिंतीवर चांगला उंच बसवला. पहिल्याच आठवड्यात पडद्यावर वाक्य होते, "दारात नंदी आला." शेवटच्या रांगेतल्या एका मुलाने वाचले, "दारात नदी आला." वर्ग खो खो हसला. मी म्हणालो, "अरे, नीट बघून वाच." त्याने पुन्हा तेच वाचले. वाचनात कच्चा आहे, असे मी मनात ठरवूनही टाकले.

थोड्या वेळाने तो खडू द्यायला पुढे आला. पडद्याकडे बघून आपणहून म्हणाला, "सर, नंदी आहे!"

मुलगा कच्चा नव्हता. त्याला अनुस्वार दिसतच नव्हता. त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी टेप घेऊन मोजायला बसलो.

इंच म्हणजे नेमके काय?

टीव्हीचे इंच म्हणजे रुंदी नाही आणि उंचीही नाही. पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतची तिरकी लांबी, म्हणजेच कर्ण. हल्लीच्या टीव्हीत रुंदी आणि उंची यांचे प्रमाण १६ : ९ असते. पायथागोरसचा सिद्धांत शिकवताना हे उदाहरण जरूर घ्या. १६ चा वर्ग २५६, ९ चा वर्ग ८१, बेरीज ३३७ आणि त्याचे वर्गमूळ सुमारे १८.३६. म्हणजे उंची ही कर्णाच्या निम्म्याहून किंचित कमी भरते.

पडद्याची मापे साधारण अशी येतात:

३२ इंची : रुंदी २८ इंच, उंची १६ इंच
४३ इंची : रुंदी ३७.५ इंच, उंची २१ इंच
५५ इंची : रुंदी ४८ इंच, उंची २७ इंच
६५ इंची : रुंदी ५७ इंच, उंची ३२ इंच

गंमत बघा. ३२ वरून ६५ म्हणजे आकडा जेमतेम दुप्पट झाला, पण पडद्याचे क्षेत्रफळ चौपट होते. म्हणून दोन मापांतला फरक आकड्यात वाटतो त्यापेक्षा डोळ्यांना बराच जास्त जाणवतो.

डोळ्याला किती बारीक दिसते?

कंपास पेटीतला कोनमापक आठवा. त्यावरच्या एका अंशाचे ६० सारखे भाग केले, तर एका भागाला एक मिनिट म्हणतात. निरोगी डोळ्याला साधारण एक मिनिट कोनाएवढा तपशील वेगळा ओळखता येतो. त्याहून बारीक असेल तर दोन गोष्टी एकमेकींत मिसळून जातात.

आता आमच्या वर्गाचा हिशेब. शेवटची रांग टीव्हीपासून १८ फूट, म्हणजे सुमारे साडेपाच मीटर. एवढ्या अंतरावर एक मिनिटाचा कोन म्हणजे फक्त १.६ मिलिमीटर. मी पट्टी लावून अनुस्वाराचे टिंब मोजले, तर ते दीड मिलिमीटरच्या आसपास भरले! ते दिसणार कसे? आपल्या देवनागरीत अर्थ पुष्कळदा अशा बारीक खुणांवर उभा असतो. अनुस्वार, रफार, उकार, जोडाक्षरातला अर्धा भाग. अक्षराचा मोठा आकार लांबून ओळखू येतो, या खुणा मात्र आधी गायब होतात.

लक्षात ठेवायला सोपे सूत्र

वर्गातल्या पडद्यासाठी एक जुना ठोकताळा आहे. वाचायचा मजकूर असेल, तर सर्वात मागे बसणारा पडद्याच्या उंचीच्या सहा पटींपेक्षा लांब नसावा. उंची कर्णाच्या साधारण निम्मी आणि एका फुटाचे १२ इंच, म्हणून हिशेब सोपा होतो.

शाळेसाठी: टीव्हीचे इंच भागिले ४ = शेवटच्या मुलाचे जास्तीत जास्त अंतर, फुटांत.

३२ इंचीला ८ फूट, ४३ इंचीला पावणेअकरा फूट, ५५ इंचीला पावणेचौदा फूट आणि ६५ इंचीला सव्वासोळा फूट. उलट करायचे तर शेवटच्या मुलाचे अंतर फुटांत मोजा आणि ४ ने गुणा. आमचे १८ फूट गुणिले ४ म्हणजे ७२ इंच. आम्ही घेतला होता ४३!

घरासाठी: इंच भागिले ८ म्हणजे सर्वात जवळचे अंतर आणि इंच भागिले ५ म्हणजे सर्वात लांबचे, दोन्ही फुटांत.

४३ इंची टीव्ही साधारण साडेपाच ते साडेआठ फुटांवरून छान दिसतो. ५५ इंची ७ ते ११ फुटांवरून आणि ६५ इंची ८ ते १३ फुटांवरून. तुमच्या हॉलमध्ये सोफा आणि टीव्हीची भिंत यांत ९ फूट असतील, तर ९ गुणिले ५ म्हणजे ४५. तेव्हा ४३ ला थोडे कमीच पडते, ५० किंवा ५५ योग्य. पण खोली लहान असून दिवाण ५ फुटांवरच असेल, तर शेजाऱ्यांनी ५५ घेतला म्हणून आपणही घेऊ नये. सारखी मान फिरवून बघावे लागेल.

घरी अंतर कमी आणि शाळेत जास्त कसे, असा प्रश्न पडेल. घरी आपण चित्र आरामात बघण्याचा विचार करतो. शाळेचा आकडा ही वाचता येण्याची शेवटची मर्यादा आहे, तिथे तो सोयीचा आकडा नव्हे.

दुकानात फसगत का होते?

दुकानाचा हॉल मोठा आणि शेजारी त्याहून मोठे टीव्ही लावलेले. त्यामुळे ४३ इंची तिथे लहान दिसतो, घरी आणला की मोठा वाटतो. म्हणून डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. घरून अंतर मोजून न्या आणि दुकानात तेवढ्याच अंतरावर उभे राहून बघा. घरी भिंतीवर जुन्या वर्तमानपत्रांचा त्या मापाचा आयत चिकटवून बघितला तर अजून चांगले. शोकेसच्या खणात बसवायचा असेल, तर कडेची चौकट धरून रुंदी तपासा.

फोर-के घ्यावा का, असे पालक विचारतात. ४३ इंची फुल एचडी पडद्यावरचा एक ठिपका साधारण अर्धा मिलिमीटरचा असतो. साडेपाच फुटांच्या पलीकडे तो ठिपका डोळ्याला वेगळा दिसतच नाही. म्हणजे ९ फुटांवर बसणार असाल, तर त्या मापात केवळ फोर-केसाठी जास्त पैसे मोजून चित्रात फारसा फरक दिसणार नाही.

"जवळ बसू नको, डोळे जातील!"

हे वाक्य ऐकतच आपण मोठे झालो. टीव्ही जवळून बघितल्याने डोळे थकतात, पण तेवढ्यानेच ते कायमचे बिघडत नाहीत. उलट, मूल वारंवार पडद्याजवळ सरकत असेल, तर त्याला लांबचे कमी दिसत असण्याची शक्यता असते. तेव्हा रागावण्याआधी डोळे तपासून घ्या.

मग आम्ही काय केले?

नवा टीव्ही घ्यायला पैसे नव्हते. गावाकडे पुन्हा वर्गणी कोणत्या तोंडाने मागणार? म्हणून आम्ही टीव्ही तोच ठेवला आणि मुले हलवली. टीव्हीपासून ११ फुटांवर खडूने अर्धवर्तुळ आखले. टीव्हीचा तास असला की बाके मागे, सतरंजी पुढे आणि सगळी मुले रेषेच्या आत. अगदी कडेला कुणी बसत नाही, कारण फार तिरके बघितले की अक्षरे दबलेली दिसतात. टीव्ही खाली घेतला, म्हणजे खाली बसलेल्या मुलांच्या माना अवघडत नाहीत. पडदा बंद असताना त्यात समोरची खिडकी दिसत होती, तिला जाड पडदा लावला. आणि पडद्यावर एका वेळी चार-पाच ओळीच, पण ठसठशीत.

त्यानंतर "नंदी" सगळ्यांनी बरोबर वाचला. एक मुलगी मात्र रेषेच्या आत बसूनही अडखळत होती. तिच्या पालकांना डोळे तपासून घ्यायला सांगितले. आज ती चष्मा लावून वाचते.

तुमच्यासाठी उपक्रम

१. वर्गातला टीव्ही किंवा प्रोजेक्टरचा पडदा आणि शेवटचे मूल यांतले अंतर मुलांकडूनच मोजून घ्या.
२. पडद्याचा कर्ण मोजा, ४ ने भागा आणि तेवढ्या फुटांवर खडूची रेषा आखा.
३. पडद्यावर नदी-नंदी, गाव-गावं, कर-कार अशा जोड्या दाखवा आणि सर्वात मागच्या मुलाला वाचायला सांगा.
४. तो चुकला, तर आधी अंतर तपासा. त्याला "कच्चा" म्हणायची घाई नको. ती घाई मी केली होती, म्हणून सांगतो.