कोंडा, पेंड आणि मळी : मेंढ्यांसाठी कुरणाला पर्याय

दिल्लीच्या सभोवारच्या प्रदेशात पाऊस पडतो तो मुख्यतः जुलै ते सप्टेंबर या महिन्यांत. त्या काळात अरवलीच्या उतारांवर, यमुनाकाठच्या सखल भूमीत आणि गावोगावच्या पडीक जमिनींवर गवत उगवते. कोवळे गवत प्रथिनयुक्त असते व मेंढीला ते सहज पचते. परंतु तेच गवत पक्व होऊन वाळले, की त्यातील प्रथिनांचे प्रमाण शेकडा ३ ते ४ इतके खाली येऊ शकते. म्हणजे वर्षातील बराच काळ मेंढी ज्या कुरणात चरते, ते पोषणाच्या दृष्टीने गव्हाच्या काडापेक्षा फारसे सरस नसते. त्यातच शहरांच्या वाढीमुळे आणि शेतीच्या विस्तारामुळे चराऊ जमीन आक्रसत गेली आहे.

याच प्रदेशातील मेरठ, मुजफ्फरनगर, बुलंदशहर या जिल्ह्यांत मुजफ्फरनगरी जातीची मेंढी आढळते. लांब लोंबते कान आणि थोराड बांधा यांवरून ती ओळखता येते. तिची लोकर जाडीभरडी असल्याने ती प्रामुख्याने मांसासाठी पाळली जाते. मथुरा जिल्ह्यातील मखदूम येथे १९७९ साली केंद्रीय शेळी संशोधन संस्था स्थापन झाली. तेथे या मेंढीच्या सुधारणेचे कार्य चालते. पण जात कितीही चांगली असली, तरी पोटाला पुरेसे मिळाल्यावाचून तिचे गुण प्रकट होत नाहीत.

सुदैवाने मेंढीचा हा प्रदेश उसाचा, गव्हाचा, भाताचा आणि मोहरीचाही आहे. साखर कारखान्यांतून मळी, पिठाच्या गिरण्यांतून कोंडा, डाळीच्या गिरण्यांतून चुणी आणि तेलाच्या घाण्यांतून पेंड बाहेर पडते. मनुष्याच्या ताटात ज्यांना सहसा स्थान नाही, अशा या वस्तूंचे मेंढी मांसात व लोकरीत रूपांतर करू शकते. ते कसे, हे समजण्यासाठी तिच्या पोटाची रचना पाहिली पाहिजे.

मेंढीचे पोट

मेंढीच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यांतील सर्वांत मोठा कप्पा म्हणजे कोटीपोट. त्यात कोट्यवधी सूक्ष्म जीव वास करतात. वनस्पतींच्या पेशीभित्तिकांतील सेल्युलोज पचविण्याचे सामर्थ्य मेंढीत स्वतः नसते; ते काम हे जीव करतात. सेल्युलोजचे विघटन होऊन जी आम्ले निर्माण होतात, त्यांपासून मेंढीला ऊर्जा मिळते. पुढे हेच जीव अन्नाबरोबर पुढील कप्प्यांत जाऊन स्वतः पचतात व मेंढीला प्रथिने पुरवितात. तात्पर्य, मेंढीला खाऊ घालणे म्हणजे प्रथम या जीवांना खाऊ घालणे होय. त्यांना एकाच वेळी तंतुमय पदार्थ, नत्र, सहज विरघळणारी साखर आणि खनिजे लागतात. आहारातील प्रथिने शेकडा ७ ते ८ यांहून कमी झाली, तर त्यांची वाढ मंदावते आणि पोटभर काड खाऊनही मेंढी रोडावते.

प्रत्येक वस्तूचा गुण व दोष

एकेका उपपदार्थाकडे या दृष्टीने पाहिल्यास तो एकांगी असल्याचे दिसून येते. काड तंतूंनी भरलेले, पण नत्रात दरिद्री. मोहरीच्या पेंडीत प्रथिने शेकडा ३५ च्या आसपास असतात. परंतु तिच्यातील तिखट द्रव्यांमुळे ती बेताने द्यावी लागते. गव्हाच्या कोंड्यात शेकडा १५ च्या सुमारास प्रथिने असतात; मात्र त्यात स्फुरद अधिक आणि चुना अल्प असल्याने, चुन्याची जोड दिली नाही तर नर मेंढ्यांना मुतखडा होण्याचा संभव असतो. मळीचा जवळजवळ निम्मा भाग साखर असतो; ती त्वरित ऊर्जा देते, पण प्रथिने अगदी थोडी. उसाच्या चिपाडात तंतू विपुल असले, तरी लिग्निन या काष्ठमय द्रव्याने ते जखडलेले असतात.

भाताचा पेंढा ही तर या प्रदेशाची विशेष समस्या आहे. यंत्राने कापणी झाल्यावर पेंढा शेतात विखुरला जातो आणि गव्हाच्या पेरणीला अवघे काही आठवडे उरतात. म्हणून हरियाणा-पंजाबात तो पेटवून देण्याची प्रथा पडली, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्याचा धूर दिल्लीवर दाटू लागला. सिलिकाच्या आधिक्यामुळे हा पेंढा पचनास कठीण असतो. त्यावर एक सोपी प्रक्रिया करता येते. १०० किलो पेंढ्यावर ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात विरघळवून शिंपडावा, ढीग घट्ट दाबून हवाबंद झाकावा आणि तीन आठवडे तसाच ठेवावा. युरियापासून सुटणारा अमोनिया लिग्निनचे बंध सैल करतो. पेंढा मऊ होतो व त्यातील नत्र वाढते. ढीग उघडल्यावर उग्र वास उडून जाईपर्यंत थांबून मगच तो खाऊ घालावा. कोरडा युरिया मेंढीच्या तोंडी लागला तर तो विषच ठरतो, हे विसरता कामा नये.

मिश्रणाचे गणित

४० किलो वजनाच्या मेंढीला दिवसाकाठी सुमारे १.२ किलो शुष्क खाद्य लागते. उदाहरणादाखल ६५० ग्रॅम काड, २५० ग्रॅम गव्हाचा कोंडा, १२० ग्रॅम मोहरीची पेंड, १०० ग्रॅम हरभऱ्याची चुणी आणि ६० ग्रॅम मळी असे मिश्रण घेऊ. काडापासून सुमारे २३, कोंड्यापासून ३७, पेंडीपासून ४२, चुणीपासून १७ आणि मळीपासून २ ग्रॅम प्रथिने मिळतात. बेरीज १२१ ग्रॅम, म्हणजे मिश्रणाच्या शेकडा १० होते. एकट्या काडाने जे कधीही साधले नसते, ते या संयोगाने साधते. यास मीठ, चुना व खनिजे यांची जोड हवी. मात्र गाई-म्हशींसाठीचे तांबेयुक्त खनिज मिश्रण मेंढीला देऊ नये. मेंढीच्या यकृतात तांबे साचते आणि ती दगावू शकते.

सावधगिरी

नवे खाद्य एकदम सुरू करू नये. कोटीपोटातील जीवांना बदल अंगवळणी पडण्यास दोन-तीन आठवडे लागतात. घाईने पिठूळ किंवा गोड पदार्थ अधिक दिल्यास पोटातील आम्लता वाढून मेंढी मरू शकते. दमट जागी साठविलेल्या पेंडीवर बुरशी येते. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, त्याचे कारण बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड हे होते. त्या शोधातूनच अफ्लाटॉक्सिन या विषाचा परिचय झाला. तसेच काडात ‘अ’ जीवनसत्त्वाचा पूर्वघटक जवळजवळ नसतो; म्हणून रोज थोडा तरी हिरवा पाला हवाच.

यावरून स्पष्ट होते की, उपपदार्थ पावसाळी हिरव्या कुरणाची बरोबरी सर्वस्वी करीत नाहीत. पण वाळलेल्या कुरणाची उणीव ते निश्चित भरून काढतात. महाराष्ट्रातही सांगली-कोल्हापूरची मळी, खानदेश-वऱ्हाडची सरकीची पेंड आणि डाळ गिरण्यांची चुणी दख्खनी मेंढ्यांना याच तत्त्वाने उपयोगी पडू शकते. चराईसाठी दूरवर भटकणाऱ्या मेंढपाळाला उन्हाळ्याचे चार महिने तरी आपला कळप राखता येईल, तर या टाकाऊ मानलेल्या वस्तूंचे मोल कळून येईल.