दोन खाड्या आणि एक खंड्या

पोटासाठी परमुलखात राहणाऱ्या माणसाची सुट्टी म्हणजे झोप, कपडे धुणे आणि गावी फोन. शारजात आमचीही बरीच वर्षे अशीच गेली. पक्षी पाहायला जाणे हे दुर्बीण परवडणाऱ्यांचे चोचले, आपले काम नव्हे, असे आम्हाला वाटे. ही समजूत मोडली ती आमच्या धाकट्या कन्येने. शाळेतून ती पक्ष्यांची यादी घेऊन आली आणि हट्टच धरून बसली.

2022 पासून अमिरातीत बहुतेक ठिकाणी साप्ताहिक सुट्टी शनिवार-रविवारी आली आहे. गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी भाकऱ्या, सुक्या जवळ्याची चटणी आणि भरपूर पाणी घेऊन आम्ही पहाटेच निघालो. बोडक्या हजर पर्वतातून दीडेक तासाचा रस्ता, आणि मग पूर्व किनाऱ्यावरचे कल्बा गाव. समोर ओमानचे आखात. हेच पाणी पुढे अरबी समुद्राला मिळते आणि आपल्या कोकणाला लागते.

कल्ब्याजवळ ‘खोर कल्बा’ आहे. अरबीत खोर म्हणजे खाडी. ओमानच्या सीमेलगतच्या या खाडीत तिवरांचे जुने बन असून 2013 साली त्याची नोंद पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत झाली. ओहोटी लागली, चिखल उघडा पडला आणि पक्षी उतरू लागले. बगळे तर ओळखीचेच. तारेवर नीलपंख बसला होता. साळुंक्या आणि कावळे पाहून मुले हसली, “हे पण गावाहूनच आले का?” ते एका अर्थी खरेच आहे. इथल्या साळुंक्या पिंजऱ्यातून सुटलेल्यांच्या वंशातल्या, तर कावळे जहाजांबरोबर आखाती बंदरांत पसरलेले.

मग तिवराच्या फांदीवर खंड्या दिसला. निळे-हिरवे डोके, गळ्याभोवती पांढरीशुभ्र पट्टी. त्याची ही पोटजात कल्बा आणि जवळच्या ओमान किनाऱ्यावर, तीही थोड्याच संख्येने राहते. शास्त्रीय नावातही कल्ब्याचेच नाव आहे. त्याचीच भाऊबंद असलेली दुसरी पोटजात रत्नागिरीपासून केरळपर्यंतच्या खाड्यांत राहते. हे वाचून कन्येने विचारले, “मग आपल्या तुडीलला आहे का हा?”

आम्ही गप्प. महाड तालुक्यातले तुडील सावित्रीच्या खाडीपट्ट्यातले गाव. आमचे बालपण त्या खाडीवर गेले. चिंबोऱ्या धरल्या, तिवराची लाकडे आणली. पण खाडीवर कोण बसते, कोण उडते, ते कधी नीट पाहिले नाही. शेवटी तिथूनच आजीला फोन लावला. आजी म्हणाली, “अगो, त्यो तर खंड्या! खाजनात बसतो. तुझा बाप त्याला दगड मारायचा.”

मुले आमच्याकडे पाहू लागली. आम्ही मान खाली घातली. ज्या आजीला शाळेचे तोंड पाहता आले नाही, तिला पक्षी ठाऊक होता. मात्र तिचा खंड्या गळपट्ट्याचा, की तपकिरी डोक्याचा आणि पांढऱ्या छातीचा नेहमीचा, हे फोनवर काही ठरेना.

आखातात राहणाऱ्या आपल्या बांधवांनी अशी सहल जरूर करावी. नोव्हेंबर ते मार्च हा काळ चांगला. ओहोटीची वेळ पाहून जावे. टोपी आणि पाणी विसरू नये. तिवरांत शिरू नये, दंगा करू नये, कचरा परत आणावा. दुर्बीण नसली तरी चालते. मुलांच्या हाती वही-पेन्सिल मात्र द्यावी.

आणि रजेवर गावी आल्यावर हेच करावे. 20 मार्चला चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या स्मृतिदिनी आपण महाडला येतोच. 1927 साली आपल्या माणसांनी जिथे पाण्यावरचा हक्क बजावला, त्याच मुलखातले पाणी मुलांना डोळे भरून दाखवावे. एक दिवस जादा काढावा. सावित्री जिथे समुद्राला मिळते, त्या बाणकोटजवळच्या वेळासला मार्चच्या सुमारास कासवाची पिल्ले समुद्राकडे धावताना दिसतात. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवेही त्याच मंडणगड तालुक्यात.

आम्ही मार्चची रजा टाकली आहे. आजीचे गुडघे दुखतात, तरी तिला घेऊन खाजणाच्या बांधापर्यंत जायचे ठरले आहे. कन्येने वहीचे एक पान कोरे ठेवले आहे. वर लिहिले आहे – तुडील, खंड्या : कोणता?